चुकलेल्या ठोक्याचा माग

‘काळजाचा ठोका चुकला’ असे आपण मराठी माणसे इतक्या सहजपणे म्हणतो की, त्या तीन शब्दांत शरीरशास्त्राचे दोन प्रमाद एकत्र नांदत आहेत हे कोणाच्या ध्यानातही येत नाही. पहिला प्रमाद क्षम्य आहे: काळीज हे खाटकाच्या दुकानात यकृताचे नाव असून भाषेने ते फार पूर्वीच हृदयाला बहाल करून टाकले आहे. दुसरा मात्र विचार करण्याजोगा आहे. ज्या क्षणी ठोका चुकल्याचा भास होतो, त्याच्या किंचित आधी हृदयाने, आपली पाळी येण्यापूर्वीच, घाईघाईने एक ठोका उरकून टाकलेला असतो. त्या वेळी कप्प्यांत रक्त पुरतेपणी भरलेले नसल्यामुळे त्या अकाली ठोक्याची लाट मनगटाच्या नाडीपर्यंत पोचत नाही, त्यामागून येणारी विश्रांती नेहमीपेक्षा लांबते, आणि त्या लांबलेल्या अवकाशात अधिक भरलेल्या हृदयाचा पुढचा ठोका छातीत धाडकन आदळल्यासारखा वाटतो. आपल्याला जाणवते ती पोकळी आणि तिच्यामागचा धक्का. मूळ घटना त्याआधीच निमूटपणे घडून गेलेली असते.

मिनिटाला सत्तर ठोके धरले तर दिवसाकाठी एक लाखावर आठशे ठोके होतात. एवढ्या प्रचंड व्यवहारात दोनचार नोंदी मागेपुढे व्हाव्यात यात नवल नाही. नवल आहे ते बाकीच्या नोंदी इतक्या बिनचूक कशा होतात याचे. शार्ङ्गधराने आपल्या संहितेत नाडीच्या चालीला साप आणि जळू, कावळा आणि बेडूक, हंस आणि पारवा यांच्या गतीच्या उपमा दिल्या आहेत. त्या उपमांमागील दोषविचार आज मान्य असो वा नसो, तीन बोटांच्या अग्रांनी लयीतला सूक्ष्म भेद टिपण्याची जी सवय आपल्या वैद्यांनी जोपासली तिचे महत्त्व मला तरी कमी वाटत नाही. बोटाला भेद कळे, परंतु त्याचे कारण कळत नसे. कारण कळण्यासाठी हृदयाच्या भिंतीत शिरावे लागले.

हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांना अलिंद आणि खालच्या दोहोंना निलय म्हणतात. उजव्या अलिंदाच्या भिंतीत, जेथे वरची महाशिरा येऊन मिळते तेथे, काही विशेष पेशींचा एक छोटासा पुंज आहे. इंग्लंडमध्ये आर्थर कीथ आणि मार्टिन फ्लॅक यांनी त्याचे वर्णन १९०७ साली प्रसिद्ध केले. या पुंजातील पेशी कोणाच्याही हुकुमाची वाट न पाहता स्वतःच ठराविक काळाने विद्युत्स्पंद निर्माण करतात. तो स्पंद अलिंदांवर पसरतो, त्यांना आकुंचित करतो, आणि मग अलिंद व निलय यांच्या वेशीवर असलेल्या दुसऱ्या एका पुंजापाशी, ज्याचा शोध सुनाओ तावारा या जपानी संशोधकाने जर्मनीतील मारबुर्ग येथे राहून १९०६ च्या सुमारास लावला, सुमारे एक दशांश सेकंद खोळंबतो. हा खोळंबा व्यर्थ नाही: त्या अवधीत वरचे रक्त खाली उतरून निलय भरतात. पुढे पुर्किंजे नावाच्या बोहेमियन शास्त्रज्ञाने १८३९ मध्ये पाहिलेल्या तंतूंच्या जाळ्यातून तो स्पंद दोन्ही निलयांत जवळजवळ एकाच वेळी पोचतो आणि ठोका पुरा होतो. परंतु येथेच एक मेख आहे. स्वयंस्फूर्तीने स्पंद निर्माण करण्याचे सामर्थ्य वरच्या पुंजाच्या एकट्याच्या मालकीचे नसून खालच्या जाळ्यातही ते सुप्तावस्थेत असते. वरचा पुंज वेगाने चालत असल्यामुळे खालच्यांना बोलण्याची पाळी येत नाही एवढेच. काही कारणाने एखादा तंतू वा स्नायुपेशींचा गट प्रक्षुब्ध झाला, की तो मध्येच स्वतःचा स्पंद सोडून देतो. चुकलेला वाटणारा ठोका जन्माला येतो तो असा.

या सर्व विद्युद्व्यापाराचे चित्र कागदावर उमटवण्याचे श्रेय हॉलंडमधील लायडनच्या विलेम आइन्थोव्हेन यांच्याकडे जाते. विसाव्या शतकाच्या आरंभी त्यांनी चांदीचा मुलामा दिलेल्या स्फटिकतंतूचे जे यंत्र सिद्ध केले त्याचे वजन पावणेतीनशे किलोच्या आसपास होते, ते चालवायला पाच माणसे लागत, आणि रुग्णाला हातपाय मिठाच्या पाण्यात बुडवून बसावे लागे. यंत्र रुग्णालयात हलवणे अशक्य म्हणून १९०५ मध्ये त्यांनी दीड किलोमीटरवरील रुग्णालयातून टेलिफोनच्या तारेने रुग्णाच्या हृदयाचा आलेख आपल्या प्रयोगशाळेत आणवला. त्या आलेखातील चढउतारांना त्यांनी दिलेली पाच अक्षरे आजही जगभर तशीच चालतात, आणि १९२४ चे नोबेल पारितोषिक त्यांना याच कामासाठी मिळाले.

पण माझे मन आइन्थोव्हेन यांच्यापेक्षा त्यांच्या एका समकालीनाकडे अधिक ओढ घेते. जेम्स मॅकेंझी हे इंग्लंडमधील बर्नली या कापडगिरण्यांच्या गावी साधी प्रॅक्टिस करणारे डॉक्टर. विद्यापीठ नाही, प्रयोगशाळा नाही. मानेची शीर आणि मनगटाची नाडी यांची स्पंदने एकाच कागदी पट्टीवर नोंदवणारे एक उपकरण त्यांनी तयार करवले आणि गिरणीकामगारांच्या नाड्या वर्षानुवर्षे नोंदवल्या. त्यांचा मोठेपणा उपकरणात नव्हता. तेच रुग्ण त्यांना दहा दहा, वीस वीस वर्षांनी पुन्हा भेटत, आणि त्यामुळेच मोठ्या शहरातल्या नामांकित तज्ज्ञाला जे दिसत नव्हते ते त्यांना दिसले: ज्याच्या नाडीत अकाली ठोके येतात तो माणूस, हृदय अन्यथा निरोगी असेल तर, बहुधा खुशाल जगतो, संसार करतो, म्हातारा होतो. ‘हृदय बिघडले’ म्हणून अंथरुणाला खिळवलेल्या कितीतरी माणसांना त्यांनी उठवून कामाला लावले.

म्हणजे अकाली ठोका निरुपद्रवी, असे समजून स्वस्थ बसावे काय? तसेही नाही. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या रुग्णांत असे ठोके वारंवार दिसले तर पुढे आकस्मिक मृत्यूची शक्यता वाढते हे ध्यानात आल्यावर वैद्यकाने सरळ हिशोब मांडला की, ठोके औषधाने बंद करावेत म्हणजे मृत्यूही थांबेल. हिशोब इतका पटण्याजोगा होता की, त्याची परीक्षा घेण्याची गरजच काय असे अनेकांना वाटले. अमेरिकेत ती परीक्षा अखेर झाली आणि १९८९ मध्ये तिचा पहिला निकाल बाहेर आला: ठोके दाबणाऱ्या दोन औषधांपैकी एक घेणाऱ्या ७३० रुग्णांपैकी ५६ दगावले, आणि नुसती नकली गोळी घेणाऱ्या ७२५ पैकी २२. ठोके बंद झाले होते. माणसेच अधिक मेली होती. हृदयतालाच्या शास्त्राच्या इतिहासात याहून दाहक पान नाही, आणि त्याचा अर्थ एवढाच की, ठोका हे चिन्ह आहे. ते कोणी पाठवले, कोठून पाठवले, याचा तपास न करता ते पुसून टाकणे म्हणजे वर्दी देणाऱ्याचे तोंड बांधून आग विझली असे मानणे होय.

असा तपास ज्याने आपल्या महाराष्ट्रात, आडगावी बसून, आयुष्यभर केला अशा एका डॉक्टराविषयी मला येथे लिहावयाचे आहे. डॉ. हिंमतराव बावस्कर यांच्या नावापुढे हृदयरोगतज्ज्ञाची पदवी नाही. परंतु एका विशिष्ट विषाने हृदयाची लय कशी ढळते आणि ती पुन्हा ताळ्यावर कशी आणावी, या प्रश्नाचा त्यांनी जितका पाठपुरावा केला तितका मोठमोठ्या हृदयरोगसंस्थांनीही केलेला नाही. आजच्या जालना जिल्ह्यातील, भोकरदन तालुक्यातील देहेड हे त्यांचे गाव. घरची परिस्थिती हलाखीची. पडेल ते काम करून शिकत शिकत त्यांनी वैद्यकाची पदवी घेतली ती आमच्या नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात. १९४७ साली, नागपूर अजून मध्यप्रांत व वऱ्हाडची राजधानी असताना, स्थापन झालेल्या या महाविद्यालयाला नागपूरकर नुसते ‘मेडिकल’ म्हणतात. चौकालाही ‘मेडिकल चौक’ हेच नाव पडले आहे. गडचिरोलीपासून बालाघाटपर्यंतचा रोगी ज्या दारात येऊन पडतो त्या रुग्णालयात शिकलेल्या विद्यार्थ्याला गरिबाच्या दुखण्याची तोंडओळख निराळी करून द्यावी लागत नाही. बावस्करांनी आपली ही सगळी वाटचाल ‘बॅरिस्टरचं कार्टं’ या आत्मकथनात सांगितली आहे. तिची पुनरुक्ती येथे करीत नाही.

१९७६ मध्ये ते तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात, महाड तालुक्यातील बिरवाडी येथील प्राथमिक आरोग्य केंद्रावर वैद्यकीय अधिकारी म्हणून रुजू झाले. भातशेतीचा आणि लाल मातीचा मुलूख. आणि त्या मातीत, पेंढ्यात, लाकडांच्या ढिगात, कौलांच्या सांदीत वास्तव्य करणारा दोनअडीच इंच लांबीचा लाल विंचू.

विंचू आपल्याला अपरिचित नाही. नागपुरातही उन्हाळ्यात अंगणात किंवा गच्चीवर बाजा टाकून झोपण्याचा रिवाज होता तेव्हा पायाखाली कंदील धरल्याशिवाय उतरू नये आणि पादत्राण झटकल्याशिवाय पायात घालू नये असा वडीलधाऱ्यांचा दंडक असे. आमच्या लहानपणी विंचू उतरवणारा माणूस प्रत्येक वस्तीत एखादा तरी सापडे. तो मंत्र पुटपुटत दंशाच्या जागेवरून निंबाचा डहाळा फिरवी, रुग्ण पहाटेपर्यंत कण्हत राही आणि सकाळी ठणका ओसरलेला असे. त्या माणसाची कीर्ती का टिकून राही याचा उलगडा पुढे शास्त्र वाचल्यावर झाला: बहुसंख्य दंशांत वेदनेखेरीज काही होतच नाही, आणि वेदना काही तासांनी आपोआप उतरते. आकाराने मोठा, काळा, पाहताच धडकी भरवणारा विंचू दुखवतो खूप, मारतो क्वचित. मारतो तो हा लहानसा, तांबूस विंचू. त्या काळी पाठ्यपुस्तकांतून विंचूदंशाला जी जागा मिळे ती काही ओळींचीच असे, आणि प्रौढ माणूस त्याने दगावतो ही गोष्ट शहरातल्या वैद्यकाला खरीच वाटत नसे. वास्तविक १९६१ मध्येच डॉ. मुंडले यांनी विंचूदंशानंतर फुप्फुसांत पाणी भरून रुग्ण मरतात अशी नोंद ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये करून ठेवली होती, तिकडे इस्रायलमध्ये मोशे गुएरॉन यांनीही दंश झालेल्यांच्या हृदयावर होणारे परिणाम १९७० च्या सुमारास वर्णिले होते. पण नोंद असणे वेगळे आणि तिने उपचार बदलणे वेगळे.

बावस्करांनी जे केले ते ऐकायला फार साधे आहे. ते रुग्णाजवळ बसून राहिले. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या तुटपुंज्या साधनसामग्रीत नाडी, रक्तदाबाचे यंत्र, कानाला लावायची नळी आणि स्वतःचे डोळे एवढीच काय ती सामग्री. तिच्या बळावर दंशापासून पुढे तासातासाने काय घडते त्याचा तपशील त्यांनी टिपून ठेवला. एकेका मृत्यूची हकीकत एकटीदुकटी पाहिली तर तिच्यात गोंधळच दिसतो: कोणाची नाडी मंद, कोणाची धावती, कोणाचा रक्तदाब चढलेला, कोणाचा खचलेला, एकाला दिलेले औषध लागू पडले असे वाटते तोच दुसऱ्याला तेच घातक ठरते. परंतु ज्याने सारे प्रहर एकाच खाटेशी काढले आहेत त्याला कळते की, ही निरनिराळी दुखणी नव्हेत. एकाच वादळाचे ते निरनिराळे प्रहर आहेत.

त्या वादळाचा क्रम असा. दंशानंतर थोड्याच वेळात ओकाऱ्या सुरू होतात. अंगाला घाम फुटतो, आणि तोही साधा घाम नव्हे, कपडे चिंब भिजवणारा. संत एकनाथांनी आपल्या विंचवाच्या भारुडात दंशाबरोबर घामाचाही उल्लेख केला आहे. नाथांचा हेतू आध्यात्मिक असला तरी दृष्टांत किती नेमका होता याची साक्ष विज्ञानाने चारशे वर्षांनी दिली असे मला वाटते. हातपाय बर्फासारखे गार पडतात. पुरुषरुग्णांत शिश्न ताठ होते. विष शरीरभर भिनल्याची ही खूण इतकी भरवशाची आहे की, संकोचापोटी ती न पाहणारा डॉक्टर रुग्णाचे मोलाचे तास वाया घालवतो. प्रारंभी नाडी काही काळ मंदावते, मग भरधाव सुटते. रक्तदाब भयंकर चढतो. नाडीत अकाली ठोके येऊ लागतात आणि हृदयाच्या दोन नादांत तिसरा मिसळून घोड्याच्या टापांसारखा आवाज येतो. एवढ्यावर थांबले तर रुग्ण वाचला. न थांबले तर डावा निलय थकतो, फुप्फुसांत द्रव साचतो, खोकल्यावाटे गुलाबी फेस येतो, आणि उठून बसलेला रुग्ण श्वासासाठी झुंजत झुंजत संपतो. यातली विलक्षण गोष्ट अशी की, वेदनेची तीव्रता आणि धोका यांचे प्रमाण मुळीच जुळत नाही: जो कळवळून आक्रोश करतो तो बहुधा सुरक्षित असतो, आणि ज्याला दंशाची जागाही फारशी दुखत नाही परंतु ज्याचे कपाळ भिजले आहे त्याच्यापाशी रात्र काढावी लागते. या पूर्वचिन्हांवरचा बावस्करांचा निबंध १९८२ मध्ये लंडनच्या ‘लॅन्सेट’ या साप्ताहिकात प्रसिद्ध झाला. दरम्यान त्यांनी पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयातून मेडिसिन या विषयात एम.डी. केले होते, आणि ती पदवी घेऊन शहरात न थांबता ते पुन्हा महाडच्या मुलखात परतले होते.

चिन्हांची ही यादी वैद्यकाच्या विद्यार्थ्यापुढे ठेवली तर तिच्यातील एकसूत्रता त्याला ओळखता यावी. मंद नाडी, ओकारी, लाळ: ही अनैच्छिक मज्जासंस्थेच्या एका शाखेची कामे. धावती नाडी, गार हातपाय, चढता रक्तदाब: ही दुसऱ्या शाखेची, जी भीती वा क्रोधाच्या प्रसंगी ॲड्रिनलिन व नॉरॲड्रिनलिन रक्तात सोडते. विंचवाचे विष दोन्ही शाखांना एकदम चेतवते आणि त्यांतली दुसरी दीर्घकाळ चेतलेली राहते. तिच्या आज्ञेने शरीरभरच्या धमन्या आवळल्या जातात; आवळलेल्या नळ्यांत रक्त ढकलताना हृदयाला जणू बंद दारावर धडका द्याव्या लागतात; त्यातच ॲड्रिनलिनच्या माऱ्याने हृदयस्नायूंचे तंतू प्रक्षुब्ध होऊन अवेळी स्पंद सोडू लागतात. अकाली ठोक्याचा माग लागला तो येथे. पाठवणारा हृदयात नव्हताच. तो धमन्यांच्या भिंतींत आणि मज्जातंतूंच्या टोकांशी बसला होता.

हे उमगले म्हणजे त्या वेळच्या रूढ उपचारांतील दोष आपोआप उघडे पडतात. घाम आणि ओकारीने आधीच सुकलेल्या रुग्णाला लघवी वाढवणारी औषधे दिली तर तो आणखी सुकतो. नाडी मंद दिसली म्हणून ॲट्रोपीन दिले तर पाठोपाठ येणारी धाव अधिकच बेफाम होते. स्टेरॉइडे आणि ॲलर्जीवरील औषधे यांचा मूळ कारणाशी संबंधच नाही. आणि ठोके आवरण्यासाठी हृदयावरील ॲड्रिनलिनचा प्रभावच तेवढा रोखला तर धमन्या आवळलेल्याच राहून दुबळ्या हृदयावरचा भार तसाच उरतो. अमेरिकेतील त्या निकालाने जगाला जे १९८९ मध्ये कळले, त्याचा व्यवहारातील धडा महाडच्या खाटांवर त्याआधीच गिरवला जात होता: ठोक्याला हात लावू नका, त्याचे कारण काढा.

कारण काढायचे तर धमन्या सैल करावयास हव्यात. बावस्करांनी प्रथम सोडियम नायट्रोप्रुसाइड हे औषध वापरले. त्याचा गुण तत्काळ येतो, परंतु ते शिरेवाटे थेंबाथेंबाने द्यावे लागते, प्रकाशाने ते बिघडते म्हणून बाटलीला काळा कागद गुंडाळावा लागतो, आणि थेंबाचे प्रमाण जरा चुकले तर रक्तदाब कोसळतो. ज्या केंद्रात रात्री एकच परिचारिका असते तेथे हा उपचार रुजणार नाही हे उघड होते. मग त्यांची दृष्टी प्राझोसिनकडे वळली. वाढत्या रक्तदाबासाठी बाजारात आलेली ही साधी, स्वस्त, तोंडाने घ्यायची गोळी. नॉरॲड्रिनलिन धमनीच्या भिंतीवरील ज्या ग्राहकाला चिकटून तिला आवळते, ती जागा प्राझोसिन अडवून धरते. धमन्या सैल पडतात, हृदयापुढचा अडसर निघतो, आणि हृदय पुन्हा आपल्या चालीने चालू लागते. मोठ्या माणसाला अर्धा मिलिग्रॅम, लहान मुलाला पाव मिलिग्रॅम, म्हणजे एका गोळीचा तुकडा. पहिल्या मात्रेनंतर उभे राहिल्यास भोवळ येण्याचा संभव असल्यामुळे रुग्णाला आडवेच ठेवायचे, आणि मूल असेल तर आईने त्याला उचलून घ्यायचे नाही, एवढे पथ्य. १९८६ मध्ये या उपचाराविषयीचा निबंध पुन्हा ‘लॅन्सेट’मध्ये आला, त्यावर हिंमतराव आणि त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर या दोघांची नावे आहेत, आणि पुढील बहुतेक निबंधांवरही तशीच दोन नावे आढळतात. १९६१ ते १९८३ या काळात पश्चिम महाराष्ट्रात विष अंगभर भिनलेल्या रुग्णांपैकी शंभरातील पंचवीस ते तीस दगावत. प्राझोसिनचा वापर सुरू झाल्यावर हे प्रमाण शंभरात एकाच्या आसपास उतरले. एका तालुक्याच्या गावी, खाजगी रुग्णालयाच्या उत्पन्नावर, कोणत्याही मोठ्या अनुदानाच्या आधाराविना हे घडले, याचा मला नागपूरकर या नात्याने मनापासून अभिमान वाटतो, मग त्यात आमच्या ‘मेडिकल’चा वाटा पायाच्या दगडाएवढाच असला तरी चालेल.

येथे थोडे मूळ विषाकडे वळतो, कारण हृदयतालाच्या शास्त्राशी त्याचा जो संबंध आहे तो वाटतो त्याहून खोल आहे. मज्जापेशी असो की हृदयाची पेशी असो, तिच्या आवरणावर सोडियमच्या कणांसाठी सूक्ष्म नाकी असतात. स्पंदाच्या वेळी नाके उघडते, सोडियम आत घुसते, आणि सेकंदाच्या हजाराव्या भागातच नाके आपणहून बंद होते. ते वेळेवर बंद होण्यावर लयीचे सारे शिस्तपालन अवलंबून आहे. विंचवाच्या विषातील एक प्रथिन या नाक्याच्या बिजागरीत जाऊन बसते आणि दार किंचित उघडे ठेवते. तेवढ्याने मज्जातंतू एकाच्या जागी अनेक स्पंद सोडू लागतो आणि त्याच्या टोकाशी साठवलेले नॉरॲड्रिनलिन रिते होत जाते. आपल्या लाल विंचवाच्या विषातच पोटॅशियमचे एक नाके अडवणारे आणखी एक प्रथिन १९९० मध्ये सापडले, आणि ते आज जगभरच्या प्रयोगशाळांत उपकरणासारखे वापरले जाते. किंबहुना सोडियमच्या नाक्याचे प्रथिन प्रथम ओळखता आले तेच विंचवाच्या विषाच्या साहाय्याने: १९८० मध्ये अमेरिकेत विल्यम कॅटरॉल आणि त्यांच्या सहकाऱ्याने विषाचा रेणू त्या प्रथिनाला कायमचा चिकटवून त्याच्या खुणेवरून ते शोधून काढले. आणि १९९५ मध्ये असे आढळले की, काही कुटुंबांत हृदयातील हेच सोडियमचे नाके घडवणाऱ्या जनुकात जन्मतः दोष असतो. दार नीट मिटत नाही, आलेखातील एक अंतर लांबते, आणि धडधाकट दिसणारा तरुण एखाद्या रात्री झोपेतच जातो. विंचू जे काही तासांपुरते दुसऱ्याच्या मज्जातंतूंत करतो, त्याच जातीची चूक या कुटुंबांच्या हृदयात पिढ्यान्‌पिढ्या वस्तीला असते. बिरवाडीच्या खाटेवरचा भातशेतीतला मजूर आणि दूरदेशीच्या जनुकशास्त्रज्ञाच्या नोंदवहीतले ते कुटुंब यांची दुखणी अशी एका दाराशी येऊन भेटतात.

बावस्करांच्या कारकिर्दीतला जो भाग मला सर्वांत अधिक आदरणीय वाटतो तो अखेरीस सांगतो. प्राझोसिनचे यश सिद्ध झाल्यावर विंचूदंशावर प्रतिविषाची आवश्यकता तरी आहे काय, असा प्रश्न त्यांनीच जाहीरपणे विचारला होता. १९९१ मधील त्यांच्या एका निबंधाच्या मथळ्यातच तो आहे. त्या वेळी तो रास्त होता, कारण प्राझोसिन विषाच्या परिणामाशी झुंजते, आणि परिणाम निवळेपर्यंत रुग्ण जगला म्हणजे झाले. पुढे मुंबईच्या हाफकिनमध्ये लाल विंचवाविरुद्धचे प्रतिविष तयार होऊ लागले. ज्याने एका उपचारावर आपले नाव कमावले आहे त्याला दुसऱ्या उपचाराची उपेक्षा करणे किती सोपे असते! बावस्करांनी महाडला आपल्याच रुग्णालयात दोहोंची रीतसर तुलना मांडली. सत्तर रुग्ण, चिठ्ठी पाडून निम्म्यांना प्राझोसिन एकटे, निम्म्यांना प्राझोसिन आणि प्रतिविष मिळून. दहा तासांनी पाहिले तेव्हा दोन्ही औषधे मिळालेल्या पस्तीसांपैकी बत्तीस जण पूर्ण बरे झाले होते. एकट्या प्राझोसिनच्या गटात पस्तीसांपैकी आठ. बरे होण्यास लागणारा सरासरी वेळ जवळजवळ अठरा तासांवरून आठ तासांवर आला. आपल्याच उपचाराला दुय्यम ठरवणारा हा निकाल त्यांनी २०११ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये, पहिल्या नावाने, प्रसिद्ध केला. त्यानंतर अकरा वर्षांनी, २०२२ मध्ये, भारत सरकारने त्यांना पद्मश्री दिली.

प्रतिविष प्रत्येक गावी वेळेवर मिळतेच असे नाही, म्हणून गोळीचा तो तुकडा आजही आरोग्य केंद्रांच्या कपाटात असावा लागतो. दर तीन तासांनी तो पुन्हा द्यायचा, आणि किती वेळा द्यायचा हे ठरवायला आलेखयंत्र लागत नाही. रुग्णाच्या पायावरून हात फिरवायचा: तळवे कोरडे आहेत काय, ऊब आली आहे काय, मघा लपलेल्या शिरा वर दिसू लागल्या आहेत काय. पाय गरम लागले की मात्रा थांबवायची, आणि मग मनगटावर बोटे ठेवून पाहायचे. ठोके बहुधा तोवर आपल्या पाळीने येऊ लागलेले असतात.